सेवेचे पाहुणे आणि गरीब मुले: एका वादाचा आढावा

गरीब घरांतल्या किंवा अनाथ म्हणून नोंदलेल्या मुलांची सेवा करायला आठ-पंधरा दिवसांसाठी बाहेरून माणसे येतात, त्यांच्यामुळे त्या मुलांचे भले होते का, यावर गेली पंधरा-वीस वर्षे जगभर वाद चालू आहे. चर्चच्या तुकड्या, कॉलेजची शिबिरे, कंपन्यांचे ‘सेवा दिवस’, वाढदिवसाला केक घेऊन आश्रमात जाणारी कुटुंबे ही त्याची वेगवेगळी रूपे. महाराष्ट्रात मात्र हा वाद निराळ्या अंगाने चालत आला. आपण विचारत आलो ते हे की, ही माणसे मुलांचा धर्म तर बदलत नाहीत ना? पश्चिमेत विचारले गेले ते हे की, ही माणसे किती दिवस राहतात आणि ती गेल्यावर मुलाचे काय होते? दोन्ही प्रश्न खरे आहेत. पण त्यांची एकमेकांशी गाठ क्वचितच पडली, आणि त्यामुळे एक मोठी बाजू दोघांकडूनही निसटली. नाशिकच्या अंबडसारख्या कामगार वस्तीतून पाहिले की ती दिसते. पण आधी इतिहास पाहू, कारण नाशिकला या विषयाचा इतिहास भरपूर आहे.

शरणपूर ते केडगाव

शरणपूर रोड नाशिककरांच्या रोजच्या वाटेवरचा. त्या नावामागची वसाहत १८५४-५५ च्या सुमारास चर्च मिशनरी सोसायटीचे विल्यम सॉल्टर प्राइस यांनी वसवली. ख्रिस्ती झालेल्यांसाठी गाव, शाळा, अनाथाश्रम आणि हातकाम शिकवणारे छोटे कारखाने असे तिचे स्वरूप होते. अरबी समुद्रात गुलामांची वाहतूक करणारी गलबते ब्रिटिश नौदल पकडत असे. त्यांवरून सुटलेली आफ्रिकन मुले मुंबईत उतरवली जात आणि त्यांतली बरीच इथे पाठवली जात. इंग्लंडमध्ये ती ‘नासिक बॉइज’ म्हणून ओळखली जाऊ लागली. १८६५ मध्ये डेव्हिड लिव्हिंग्स्टनने आपल्या अखेरच्या आफ्रिका मोहिमेसाठी इथली नऊ मुले नेली. पुढे त्याच्याकडे पाठवल्या गेलेल्या तुकडीत याच शाळेचा जेकब वेनराइट होता. १८७३ मध्ये लिव्हिंग्स्टन वारला तेव्हा अंत्यविधीची प्रार्थना वेनराइटने म्हटली, आणि १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीच्या मानकऱ्यांमध्येही तो होता. त्यानंतर लगेचच प्राइस यांनी शरणपूरच्या आफ्रिकनांना मोंबासाजवळ नेऊन वसवले. त्या वस्तीला मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रीअर यांच्यावरून फ्रीअरटाउन असे नाव पडले.

आजच्या वादाची बहुतेक बीजे या हकिगतीत सापडतात. मुले गुलामीतून सुटली, शिकली, हाताला काम मिळाले, हे कोणी नाकारणार नाही. त्याच वेळी त्यांची नावे बदलली, धर्म बदलला, आणि राहायचे कुठे हे प्रत्येक वेळी दुसऱ्यांनीच ठरवले. प्राइस काही आठवड्याचे पाहुणे नव्हते, त्यांनी इथे वर्षानुवर्षे काढली. तेव्हा मुक्काम लांबला की सगळे ठीक होते, असेही म्हणता येत नाही.

दुसरा मोठा टप्पा १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांचा. पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन काढले होते. सदन पुण्याला आल्यावर तिथल्या मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पडतो यावरून वादळ उठले आणि १८९३ मध्ये रानडे-भांडारकरांसारखे सल्लागार बाहेर पडले. दुष्काळात रमाबाईंनी गावोगावच्या मुली-बायकांना केडगावच्या मुक्ती सदनात आणले, आणि १९०० च्या आसपास तिथली संख्या दीड हजाराच्या घरात गेली. एवढ्या मुलींचे रोजचे जेवण, आजारपण, शिक्षण सांभाळायला परदेशी स्त्रिया येऊन राहिल्या. अमेरिकेच्या मिनी अब्राम्स त्यांपैकी एक. याच दुष्काळात न्यूयॉर्कच्या ‘ख्रिश्चन हेरल्ड’ या साप्ताहिकाने वाचकांकडून पैसे जमवून भारतातल्या दुष्काळग्रस्त अनाथांना पोसले. दूरच्या वाचकाने पैसे द्यायचे आणि इथल्या मिशनने मूल सांभाळायचे, ही आजच्या बालप्रायोजकत्वाची जुनी आवृत्ती होती.

इथलीच माणसे

हे सगळे काम परक्यांनीच केले असे समजणे चुकीचे ठरेल. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, आणि १८७६-७७ च्या दुष्काळात सत्यशोधक समाजाने धनकवडीला मुलांसाठी अन्नछत्र चालवले. पंढरपूरचे प्रार्थना समाजाचे बालकाश्रम १८७५ चे. अण्णासाहेब कर्व्यांचा अनाथ बालिकाश्रम १८९६ चा. या कामांत राबणारी माणसे त्याच भाषेची होती आणि काम संपवून परत जाण्याचा त्यांचा बेत नव्हता.

थोड्या दिवसांच्या सेवेची आपली परंपरा त्यामानाने अलीकडची आहे. बाबा आमट्यांनी १९६७ पासून चंद्रपूर जिल्ह्यातल्या सोमनाथला श्रमसंस्कार छावणी भरवायला सुरुवात केली, आणि राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी सुरू झाली. सोमनाथच्या छावणीचा एक बारकावा या चर्चेत फारसा कोणी घेत नाही, तो मला महत्त्वाचा वाटतो. उन्हाळ्यात आलेल्या तरुणांच्या हाती तिथे कुदळ-फावडे दिले जाते. तिथल्या माणसांची काळजी तिथे कायम राहणारेच घेतात. पाहुण्याला कोणते काम द्यावे, याचे उत्तर तिथे आधीपासूनच होते.

पाहुण्यांच्या बाजूने

समर्थकांचे म्हणणे नीट ऐकण्यासारखे आहे. संस्थांना हात कमी पडतात आणि पैसा त्याहून कमी, हा त्यांचा पहिला मुद्दा. आज आठवडाभर आलेला तरुण उद्या देणगीदार होतो, एखादा आयुष्यभराचा कार्यकर्ता होतो, हा दुसरा. तिसरा मुद्दा मला जास्त वजनदार वाटतो. बंद दारांमागे मुलांचे हाल होतात आणि बाहेरच्या माणसांची ये-जा असलेल्या जागी लपवाछपवी अवघड जाते.

त्यांच्याकडे आकडेही आहेत. ब्रूस वायडिक आणि सहकाऱ्यांनी कम्पॅशन इंटरनॅशनल या ख्रिस्ती संस्थेच्या बालप्रायोजकत्वाचा भारतासह सहा देशांत अभ्यास केला. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात प्रायोजक मिळालेल्या मुलांचे शिक्षण सरासरी एक ते दीड वर्षाने वाढल्याचे दिसले. मात्र या योजनेतली मुले आपल्याच घरी राहत होती आणि रोजचे काम स्थानिक लोक करत होते. दाता पैसे आणि पत्रे पाठवत होता. म्हणजे हा पुरावा पैशाच्या बाजूचा आहे, प्रवासाच्या बाजूचा म्हणून तो वापरला जातो तेव्हा जरा ताणला जातो.

विरोधात

टीकेचा पाया बालमानसशास्त्रात आहे. लहान मुलाला थोडी पण कायमची माणसे लागतात. रुमानियात २००० नंतर झालेल्या बुखारेस्ट अभ्यासात संस्थांमधल्या १३६ मुलांपैकी निम्म्यांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे निवडून पालक-कुटुंबांत ठेवले गेले. २००७ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात आलेल्या निष्कर्षांनुसार कुटुंबात गेलेल्या मुलांची बौद्धिक वाढ अधिक चांगली झाली, आणि जितक्या लवकर गेली तितकी जास्त. लिंडा रिश्टर आणि एमी नॉर्मन यांनी २०१० मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या संदर्भात हा मुद्दा थेट पाहुण्यांवर आणला. आल्या-गेल्या प्रत्येकाला बिलगणारे मूल प्रेमळ दिसते, पण ते तुटलेल्या नात्यांचे लक्षण असू शकते, आणि दर पंधरवड्याला नवे प्रेम देऊन काढून घेणे त्यात भर घालते, असे त्यांचे प्रतिपादन.

दुसरी टीका पैशाच्या प्रवाहाची आहे. सेव्ह द चिल्ड्रनच्या २००९ च्या अहवालानुसार जगभरच्या अनाथाश्रमांतल्या पाचांपैकी किमान चार मुलांचे आई किंवा वडील जिवंत आहेत. ती तिथे पोचतात ती मुख्यतः गरिबीमुळे. कंबोडियात २००५ नंतरच्या पाच वर्षांत अनाथाश्रमांची संख्या तीनचतुर्थांशाने वाढल्याचे युनिसेफने दाखवले, आणि तेही अनाथांची संख्या घटत असताना. पाहुणे आणि देणग्या येत राहिल्या की आश्रम भरलेला ठेवण्याचा मोह होतो. ऑस्ट्रेलियात २०१८ च्या आधुनिक गुलामगिरी कायद्याच्या निमित्ताने यावर संसदीय चौकशी झाली, आणि डिसेंबर २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने बालहक्कांच्या ठरावात अशा स्वयंसेवी पर्यटनाच्या धोक्याचा उल्लेख केला.

खर्चाचा हिशेब कर्ट व्हर बीक यांनी मांडला. ते स्वतः ख्रिस्ती महाविद्यालयातले अभ्यासक, म्हणून त्यांचे म्हणणे चर्चमध्येही ऐकले गेले. होंडुरासमधल्या चक्रीवादळानंतर स्थानिक संस्था २ हजार डॉलरमध्ये जे घर बांधत होत्या, तेच उत्तर अमेरिकेतून आलेल्या तुकड्यांना विमानभाड्यासह सुमारे ३० हजार डॉलरला पडत होते. घर मिळालेल्या कुटुंबांच्या आयुष्यात मात्र दोन्हींमुळे फरक पडला तो सारखाच. यावर समर्थकांचे उत्तर असे की, प्रवासाचे पैसे प्रवास नसता तर दान झालेच नसते. हे उत्तर अगदीच निराधार नाही.

टीकाकारांनीही एक गोष्ट मान्य करायला हवी. आठवड्याच्या पाहुण्यामुळे मुलाचे नेमके किती नुकसान झाले, हे थेट मोजणारे काम फार थोडे आहे. बरेचसे संस्थात्मक संगोपनाच्या अभ्यासावरून काढलेले अनुमान आहे. आणि संस्थांबद्दलचा पुरावाही एकतर्फी नाही. कॅथरिन व्हेटन यांच्या गटाने २००९ मध्ये हैदराबाद, नागालँड, कंबोडिया आणि आफ्रिकेतील काही ठिकाणच्या सहा ते बारा वर्षांच्या अनाथ व सोडून दिलेल्या मुलांची तुलना केली. संस्थांत राहणारी मुले नातेवाइकांकडे राहणाऱ्यांपेक्षा वाईट स्थितीत आढळली नाहीत. रुमानियातल्या तान्ह्या मुलांचा निष्कर्ष आपल्याकडच्या दहा वर्षांच्या मुलाला जसाच्या तसा लावू नये, एवढा धडा त्यातून घेता येतो.

धर्माचा प्रश्न

आपल्याकडच्या वादाचा मुख्य प्रवाह हाच. मध्य प्रदेश सरकारने न्या. भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीचा अहवाल १९५६ मध्ये आला. त्या वेळी विदर्भ त्याच राज्यात होता आणि राजधानी नागपूर होती. ज्या मुलांना पालक नाहीत त्यांचे पालक सरकार, म्हणून अनाथाश्रम चालवणे हे सरकारचेच कर्तव्य, अशी शिफारस त्यात होती. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने धर्मप्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही असा निर्णय दिला. परदेशी देणग्यांचा कायदा २०१० मध्ये नव्याने आला आणि २०२० मध्ये कडक झाला. वर उल्लेखलेल्या कम्पॅशनला २०१७ मध्ये भारतातले काम गुंडाळावे लागले, आणि जवळपास दीड लाख मुलांचे प्रायोजकत्व थांबले.

यावर दोन भूमिका आहेत. भुकेल्या मुलाला अन्नासोबत प्रार्थना दिली तर त्याची संमती खरी मानता येत नाही, ही एक. श्रद्धेतूनच माणसे घाण काढायला, रात्री जागायला तयार होतात, श्रद्धा वजा केली तर काम करणारेच उरत नाहीत, ही दुसरी. वनवासी कल्याण आश्रमापासून मिशनऱ्यांपर्यंत सर्वच धर्मप्रेरित संस्थांना हे दोन्ही लागू पडते. अडचण अशी की, धर्माची छाननी झाली म्हणजे मुलाची काळजी घेतली गेली असे आपण धरून चालतो.

कायदा आणि अनुभव

अनुभव तसे सांगत नाही. गोव्यात अनाथ मुलांचे घर चालवणाऱ्या फ्रेडी पीट्सला १९९१ मध्ये अटक झाली आणि १९९६ मध्ये जन्मठेप. परदेशी पाहुण्यांना मुले पुरवली जात होती. गोव्याचा २००३ चा बालकायदा या धक्क्यातून आला. मुंबईत रस्त्यावरच्या मुलांसाठी निवारा चालवणारे डंकन ग्रँट आणि ॲलन वॉटर्स हे दोघे ब्रिटिश मुलांवरील अत्याचाराबद्दल २००६ मध्ये दोषी ठरले, २००८ मध्ये उच्च न्यायालयात सुटले, आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांची शिक्षा कायम केली. नाशिक जिल्ह्यात नोव्हेंबर २०२२ मध्ये दोन खासगी आश्रम बातम्यांत आले. एका ठिकाणी चार वर्षांच्या मुलाचा खून झाला होता आणि दुसऱ्या ठिकाणी मुलींवरील अत्याचाराची तक्रार होती. हे दोन्ही आश्रम मिशनचे नव्हते.

बाल न्याय कायदा, २०१५ चे कलम ४१ प्रत्येक बालसंगोपन संस्थेला नोंदणी सक्तीची करते. मूल संस्थेत ठेवायचे ते बालकल्याण समितीच्या आदेशाने. देशभरच्या संस्थांची जी मोजणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली, तिच्यात ९,५८९ संस्था आणि सुमारे ३.७ लाख मुले आढळली. पाहणीच्या वेळी या कायद्याखाली नोंदलेल्या संस्था एकतृतीयांशाहून कमी होत्या. पाहुण्यांना सर्वांत थेट लागू होणारे कलम ७४ मात्र फारसे कोणाला माहीत नसते. संरक्षणाखालच्या मुलाची ओळख उघड होईल असे नाव, फोटो किंवा माहिती प्रसिद्ध करणे हा गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. केक कापतानाचे फोटो स्टेटसला ठेवणाऱ्यांनी हे एकदा वाचावे.

अंबडकडून पाहिले तर

अंबड औद्योगिक वसाहतीत मोठे कारखाने आहेत तसे पाच-दहा माणसांचे असंख्य छोटे वर्कशॉपही आहेत. चुंचाळे, दत्तनगर, सिडकोच्या कडेच्या वस्त्या इथे मराठवाडा, खानदेश, उत्तर प्रदेश, बिहारमधून आलेली कुटुंबे एका खोलीत राहतात. आई-वडील दोघेही पाळीला जातात. या मुलांना अनाथ म्हणता येणार नाही. त्यांना कमी पडते ते दुपारी तीन ते रात्री आठ या वेळात घरात असलेले मोठे माणूस. १९४८ च्या कारखाने कायद्याने तीसहून अधिक महिला कामगार असलेल्या कारखान्याला पाळणाघराची अट घातली होती. छोट्या वर्कशॉपपर्यंत ती पोचतच नव्हती.

दोन्ही वादांतून निसटलेली बाजू ती हीच. धर्माचा वाद आणि मुक्कामाचा वाद दोन्ही आश्रमातल्या मुलाभोवती फिरतात. गरीब मुलांची फार मोठी संख्या घरी आहे, आणि घर जरा कोसळले की मूल आश्रमाच्या दारात येते. वडिलांचा अपघात, आईचे आजारपण, काम सुटणे एवढे कारण पुरते. ते मूल घरीच राहावे यासाठी महाराष्ट्राची बालसंगोपन योजना दरमहा २,२५० रुपये देते, केंद्राच्या मिशन वात्सल्यात प्रायोजकत्वाची रक्कम ४,००० रुपये आहे. २,२५० चे वर्षाला २७ हजार होतात. अमेरिकेहून येण्या-जाण्याच्या एका विमान तिकिटात अशा दोन-तीन मुलांचे वर्ष निघावे. पण योजनेचा अर्ज, दाखले, बँक खाते, खेटे हे सगळे करून देणारा माणूस लागतो, आणि तो पंधरा दिवसांत परत जाणारा असून चालत नाही.

शिकवण्याबद्दलही असेच. मुंबईत १९९४ मध्ये सुरू झालेल्या ‘प्रथम’ने मुंबई आणि वडोदऱ्याच्या शाळांत बालसखी नेमल्या. वस्तीतल्याच दहावी-बारावी झालेल्या मुली मागे पडलेल्या मुलांना रोज दोन तास शिकवत. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात या मुलांचे गुण स्पष्टपणे वाढले. योजना संपल्यावर वर्षभरात त्यातला बराच फायदा ओसरला, हेही त्याच अभ्यासात आहे.

२०१४ पासून मोठ्या कंपन्यांवर नफ्याच्या दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करण्याची जबाबदारी आली. तेव्हापासून औद्योगिक शहरांत कंपन्यांच्या गणवेशातले स्वयंसेवक दिसू लागले. हे लोक याच शहरात राहतात, आणि परदेशी तुकडीला न जमणारी गोष्ट त्यांना जमू शकते: दर आठवड्याला त्याच मुलाकडे परत येणे. बहुतेक उपक्रम मात्र एका दिवसाचे आखले जातात, कारण अहवालात मोजायला दिवस आणि डोकी सोपी असतात.

काय ठरलेले नाही

शाळकरी वयाच्या मुलांवर अधूनमधून येणाऱ्या पाहुण्यांचा परिणाम नेमका काय होतो, यावर भारतातला पुरावा अपुरा आहे. पाहुणे थांबवले तर त्यांच्यासोबत येणारा पैसा कोण भरून काढणार, याचे उत्तर कम्पॅशनच्या वेळी कोणी दिले नाही आणि अजूनही दिलेले नाही. बाहेरच्यांची नजर मुलांचे रक्षण करते की धोका वाढवते, यावर गोवा आणि मुंबईची प्रकरणे एक सांगतात, बंद आश्रमांची प्रकरणे दुसरे. आणि या सगळ्या चर्चेत मुलांचे स्वतःचे म्हणणे फार कमी नोंदले गेले आहे. शरणपूरच्या मुलांबाबतही तसेच झाले होते.

उपलब्ध पुराव्यावरून इतके म्हणता येते. सहा वर्षांखालच्या मुलांच्या कुशीत-मांडीवरच्या संगोपनासाठी थोड्या दिवसांचे पाहुणे ठेवू नयेत, मग ते कोणत्याही धर्माचे किंवा देशाचे असोत. इमारत रंगवणे, हिशेब, दंततपासणी, शिक्षिकांचे प्रशिक्षण अशा कामांसाठी ते यायला हरकत नसावी, फायदाच होईल. ज्यांना आश्रमात जायचेच आहे त्यांनी आधी कलम ४१ खालचे नोंदणी प्रमाणपत्र पाहायला मागावे, मोबाइल बाहेर ठेवावा, आणि इथल्या किती मुलांना घरी परत पाठवण्याचे प्रयत्न चालू आहेत हे संचालकांना विचारावे. संकटातले मूल दिसले तर १०९८ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो. आणि अंबड-सिडकोत राहणाऱ्यांना आठवड्यातल्या दोन संध्याकाळी वर्षभर देता येत असतील, तर त्यांनी आपल्याच वस्तीतल्या अंगणवाडी सेविकेला जाऊन भेटावे. कोणत्या घरात मूल एकटे असते हे तिला ठाऊक असते.